अठ्ठावीस व्होल्ट दाखवतंय, मग चार्जिंग ओके म्हणे!

‘शेठ, बॅटरी गेली. नवीन टाका.’ एवढं एक वाक्य पाठ केलं की आपल्याकडे कुणीही वायरमन होतो. मीटर नको, डोकं तर नकोच. सेल्फ एकदा ‘कट्ट’ वाजला की निकाल लागला. मालेगावला विचारा, नाशिकला विचारा, कळंबोलीला विचारा, तेच वाक्य.

माझी गाडी म्हणजे दहा टायरचा ट्रक, जुनी, मेकॅनिकल पंपाची. लासलगावहून कांदा भरायचा, वाशीच्या मार्केटला खाली करायचा, येताना मिळेल ते भाडं. कांद्याची गाडी पहाटे गाळ्यावर लागली तर ठीक, उशीर झाला की व्यापाऱ्याची तोंडं बघा. आणि इथे इगतपुरीला चहा प्यायला गाडी बंद करायची चोरी! बंद केली की सेल्फ उचलत नाही. भरलेल्या दहा टायरला धक्का मारणार कोण? मग शेजारच्या गाडीवाल्याच्या हातापाया पडा, केबली लावा, जंप घ्या, वर त्याचं ‘बॅटरी बदला की दादा’ ऐकून घ्या.

बॅटरी किती वेळा बदलायची, दादा?

आता नीट ऐका. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीमागे एक जोडलेल्या. माझ्याकडे अर्थिंगच्या बाजूची, म्हणजे जिचा मायनस चॅसिसला जोडलेला, ती खालची बॅटरी कायम उतरलेली. तिच्याच शेजारची कायम तापलेली, पाणी आटलेलं, झाकणं ओली, अ‍ॅसिडचा वास. पेटी एक, इंजिनावर फिरून चार्ज करणारा अल्टरनेटर एक, आणि एक उपाशी तर दुसरी उकळतेय. हे बघून एकाच्याही मनात येऊ नये की यात काहीतरी गोम आहे? नाही आलं. पहिल्या वायरमनने उतरलेली तेवढी बदलली. शेजारी जुनीच ठेवली, म्हणजे म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुंपला. थोड्या दिवसांत ती नवीनही बसली. ‘पीस खराब निघाला शेठ.’ दुसरीचं पाणी आटलं म्हणून त्यात काय ओतावं? अ‍ॅसिड! अरे, आटतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. डिस्टिल्ड वॉटरची बाटली काय सोन्याच्या भावाने मिळते? वर अ‍ॅसिडचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर बुडवून म्हणतो, ग्रॅव्हिटी मस्त आहे. असणारच ना, आत्ताच वाढवलीस की!

दुसरा उस्ताद त्याहून भारी. इंजिन चालू ठेवलं आणि खाडकन बॅटरीचा टर्मिनल उपटला. इंजिन चालूच. ‘बघा शेठ, गाडी चालतेय, म्हणजे अल्टरनेटर ओके.’ डोक्याला हात लावला मी. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागतच नाही! माझी गाडी केबल ओढून बंद होते. दोन्ही बॅटऱ्या रस्त्यावर फेकल्या तरी डिझेल संपेपर्यंत चालेल. यात अल्टरनेटरची कसली परीक्षा झाली? उलट चालू इंजिनावर बॅटरी अशी सोडवली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि त्यातले डायोड आणि व्होल्टेज आवरणारा कटआउट जळू शकतात. बीएस ६ च्या गाडीला असं केलं तर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, बिलाने मालक आडवा व्हायचा. माझ्या गाडीचा चार्जिंगचा लाल दिवा त्याच दिवशी लागला तो विझेना. मग त्याच उस्तादाने डायोडची प्लेट आणि कटआउट बदलून पैसे घेतले. स्वतःच फोडायचं, स्वतःच जोडायचं, आणि मजुरी दोन्हीची.

तिसऱ्याकडे मीटर होता. मीटर! खरं सांगतो, त्याने तो डब्यातून काढला तेव्हा पाया पडावंसं वाटलं. दोन्ही बॅटऱ्यांच्या दोन टोकांना लावला, २८ च्या आसपास आकडा आला, मीटर परत डब्यात. ‘चार्जिंग ओके आहे, बॅटऱ्या गेल्यात.’ झालं!

शेवटी साधा मीटर विकत आणला. इंजिन चालू ठेवून बॅटरी वेगवेगळी मोजली. अर्थिंगकडची १२.४. वरची १५.५. बेरीज करा, २७.९. बेरीज बरोबर आहे आणि दोन्ही बॅटऱ्या मरतायत! दोघींनाही १४ च्या आसपास मिळायला हवं होतं.

कारण पेटीतच दिसत होतं. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलवरून एक बारीक लाल वायर वर कॅबिनमध्ये गेलेली. म्युझिक सिस्टीम, मोबाईलचा चार्जर, ड्रायव्हरचा पंखा, सगळं १२ व्होल्टचं, सगळं त्या एका वायरवर. कॅबिन सजवणारा डेकोरेशनवाला म्हणजे थोर माणूस. १२ व्होल्ट हवेत ना, मग घे एका बॅटरीवरून. रात्रभर गाणी वाजतात, पंखा फिरतो, खालची एकटी उतरते. सकाळी अल्टरनेटर भरायला लागतो, पण त्याला फक्त दोघींची बेरीज कळते. वरची आधीच भरलेली, ती उकळते. खालचीचं पोट भरतच नाही. या पेटीत तीन माणसांनी हात घातले, ती वायर बाजूला सारून पाने फिरवले, आणि एकाने विचारलं नाही की ही इथून कुठे जाते?

इलाज काय, तर २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून घ्यायचा आणि मधली वायर कापून टाकायची. एका बॅटरीच्या पैशात असे कितीतरी कन्व्हर्टर येतील.

आणि तपासायला वेळ तरी किती लागतो हो? गाडी रात्रभर उभी असेल तर दोन्ही मिळून २५ च्या वर हवं. सेल्फ मारताना १९ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस, आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. वेगळी! मग दिवे लावून अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट गळतात ते बघा, तसंच इंजिनापासून मायनसपर्यंत. अर्धा व्होल्ट गळाला तरी केबलच्या टोकाचा लग नाहीतर अर्थिंगची पट्टी सडलीय समजा. बॉडीवाले चॅसिसला रंग मारतात आणि रंगावरच अर्थिंगचा बोल्ट आवळतात, तो तर वेगळाच ताप. चहा उकळेपर्यंत हे सगळं होतं. पण मोजण्याचे पैसे कुणी देत नाही, बॅटरी विकली की कमिशन मिळतं, जुनी भंगारात जाते तिच्या शिशाचे वेगळे. मग मोजेल कोण?

उकळून मेलेली बॅटरी घेऊन वॉरंटीसाठी दुकानात गेलो. वॉरंटीत होती, कार्ड होतं, बिल होतं. काउंटरवरच्या माणसाने झाकणं उघडून आत बघितलं आणि म्हणाला, ‘ओव्हरचार्ज झालीय शेठ, यात वॉरंटी बसत नाही. आधी गाडीचं चार्जिंग चेक करून घ्या.’

कुणाकडून घेऊ, ते पण सांग ना!