अण्णांचा अंगठा

आज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि पहिलं दर्शन झालं ते अंगठ्याचं. गॅलरीकडच्या खिडकीच्या डाव्या पल्ल्यात, खालून दुसऱ्या तावदानाच्या कडेला जी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, मी परवा रात्री साडेअकरापर्यंत जागून भरली होती, तिच्यात मधोमध अंगठ्याचा ठसा. रेषा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ. मी आधार अपडेट करायला गेले होते तेव्हा मशीनने माझा अंगठा सहा वेळा नाकारला होता, मॅडम बोटं झिजलीत तुमची म्हणाला तो मुलगा, आणि इथे बघा.

कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. तरी शेजारच्या अण्णांना विचारलं.

"अण्णा, तुम्ही खिडकीला हात लावलात?"

"हात नाही गं. अंगठा."

"का पण?"

"वाळलीय का बघत होतो. नाही वाळलेली." आणि मग दात कोरत, अगदी मायेने, "कच्ची राहिलीय हो लांबी तुझी, सूनबाई."

ती कच्चीच असते अण्णा! आठवडा-दोन आठवडे लागतात वरची साय धरायला, तोवर रंगसुद्धा लावत नाहीत. हे मी गेले दहा दिवस रोज सांगतेय, आणि आता कळतंय की ते दहा दिवस रोज तपासून बघतायत.

थोडक्यात मागचं सांगते. आमची गिरगावातली चाळ, 1 सप्टेंबर 1940 च्या आधी बांधलेली, म्हणजे म्हाडाच्या हिशेबात 'अ' वर्गातली सेस (दुरुस्तीचा कर भरणारी) इमारत. खिडक्या अस्सल सागवानाच्या, दोन पल्ले, पल्ल्याला चार तावदानं. गेल्या पावसाळ्यात जुनी लांबी पोपडे धरून पडली आणि पाणी थेट सासूबाईंच्या गादीवर. तीन सुतार आले. तिघांनी खिडकीकडे जेमतेम बघितलं आणि तिघंही एकच वाक्य बोलले, ये सब निकाल दो, स्लायडिंग डाल देते हैं. तिसरा तर जुनी चौकट फुकटात घेऊन जायला तयार होता. सागवान फुकटात न्यायचं आणि वर ॲल्युमिनियमचे पैसे आमच्याकडूनच घ्यायचे, इतका परोपकारी माणूस. तेव्हा डोक्यात सणक गेली आणि मी म्हटलं मीच करते. नवरा म्हणाला "कर की", आणि त्याच्याकडून तेवढंच सहकार्य मिळालं.

शिकण्यात फार काही थोर नाही, फक्त वेळ जातो. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते, ती पटाशीने हळूहळू टोकरायची. मी घाई केली, हीट गन मारली, आणि पहिलंच तावदान टण्णकन गेलं कारण काचेच्या एकाच कोपऱ्याला गरम केलं तर ती तडकणारच. मग खरवडायचं, पण कोरडं नाही, पाणी शिंपडून, कारण जुन्या ऑइलपेंटमधे शिसं असू शकतं. घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर शिसं नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासूनचा, आणि आमच्या खिडकीवर तर त्याआधीचे सात थर, हिरवा, मग निळा, मग परत हिरवा, खाली एक चॉकलेटी. मास्क लावून बसले तर अण्णा दारातून, "परत आला का गं कोरोना?"

हे अण्णा. यांच्याबद्दल जरा नीट सांगायला हवं.

आमची गॅलरी म्हणजे कॉमन पॅसेज. जिन्याकडे जाणारा, नळावर जाणारा, उगाच जाणारा, सगळे माझ्या खिडकीसमोरून जातात. बाकीचे जातात. अण्णा थांबतात. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, हातात चहाची बशी (कप नाही, नुसती बशी). मी स्टुलावर चढले की पाच मिनिटांत यांची खुर्ची बाहेर. आधी वाटलं सोबत करतायत. दुसऱ्या दिवशी कळलं की तिकीट न काढता मॅच बघतायत.

"ही काच इंग्रजांच्या वेळची," एका दुपारी म्हणाले.

"असेल."

"असेल काय, आहे. बघ खाली जाड आहे. काच ना, हळूहळू खाली वितळत येते. शंभर वर्षं झाली की खाली जाड."

मी म्हटलं अण्णा तसं नसतं, काच वाहत नाही. पूर्वी काच बनतानाच कमीजास्त जाडीची व्हायची. एकदम सपाट काच सरसकट मिळायला लागली ती नंतर. 1959 मधे इंग्लंडच्या पिल्किंग्टनने वितळलेल्या कथलावर काच तरंगवायची पद्धत जाहीर केली, त्यानंतर. म्हणून तर जुन्या तावदानातून समोरच्या चाळीच्या दोरीवरचे कपडे थरथरताना दिसतात, वारा नसतानाही. मला ते आवडतं, त्यासाठीच जुनी सात तावदानं जपून काढलीत.

अण्णांनी बशी संपवली. "आम्हाला गोखले मास्तरांनी शिकवलंय." विषय संपला.

पुढच्याच दिवशी पलटले. ही काच इंग्रजांच्या वेळची असूच शकत नाही म्हणे, कारण 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा वाडीतल्या सगळ्या काचा फुटल्या. जहाजावर दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र भरलेलं, हे खरंच आहे. लांबलांबच्या काचा फुटल्या हेही खरं.

"काय आवाज होता! मी इथेच उभा होतो, या कठड्याला."

"अण्णा, तुमचा जन्म सेहेचाळीसचा ना?"

क्षणभर शांतता. मग म्हणाले, "वडील उभे होते. एकच गं ते." आणि जरा वेळाने, फार खिन्न होऊन, "कोणाकोणाच्या घरात सोन्याच्या विटा पडल्या. आमच्याकडे नुसत्या काचा."

बरं, 1944 म्हणजे इंग्रजांचीच वेळ, हे मी सांगितलं नाही. स्टुलावर उभं राहून माणसाची ताकद मर्यादित असते.

फुटलेल्या तावदानाच्या जागी काच आणायला गेले तो वेगळाच अपमान. खाच मोजून मी दोन्हीकडून मिळून एक सूत कमी माप लिहून नेलं होतं, कारण काच खाचेत घट्ट बसली तर लाकूड पावसाळ्यात फुगल्यावर तडकते. काचवाला कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून, "भाभी, माप साहब ने लिया है क्या?" मी म्हटलं मैंने लिया है. त्याने हिरा फिरवला आणि स्वतःच्या मनाने सूतभर मोठीच काच कापली, "घिस के बैठ जाएगा." नाही बसली. दुसऱ्या दिवशी नवरा तोच कागद, माझ्याच अक्षरातला, घेऊन गेला. काच बरोब्बर आली आणि त्याला वर कटिंगसुद्धा पाजलं. नवरा येऊन सांगतो, चांगला माणूस आहे गं. याच्यावर मी अजून चिडलेली आहे आणि चिडूनच राहणार आहे.

लांबीचं मात्र घरातच जमलं. एक किलो चॉक पावडरला साधारण दीडशे ग्रॅम जवसाचं तेल, आणि मळत बसायचं. मी जुन्या परातीत मळायला घेतलं तर सासूबाई येऊन उभ्या. आधी परातीवरून बोलून घेतलं, ती परात त्यांच्या माहेरची निघाली. मग तेलाच्या वासावरून. मग न राहवून खाली बसल्या, "सैल झालीय, करंजीच्या पिठासारखी हवी," म्हणून गोळ्यात बोट खुपसून बघितलं, अजून मूठभर पावडर घातली आणि ओलं फडकं टाकून झाकून ठेवलं. मुरू दे म्हणाल्या. गंमत म्हणजे लांबीला खरंच मुरू द्यावं लागतं, मला ते कळायला चार व्हिडिओ बघावे लागले होते. मात्र तेलाची फडकी मी कठड्यावर एकेक सुटी पसरली होती ती त्यांनी बोळा करून पिशवीत भरली. मी म्हटलं आई, तेलाच्या फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्यावर, "एकेचाळीस वर्षं संसार करतेय, फडकं आपणहून पेटलेलं बघितलं नाही. माणसं पेटतात." मी पिशवी उचलून परत पसरली.

मग खाचेला आधी तेलाचा हात द्यायचा, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं. पातळ थर द्यायचा, काच कडांवर दाबून बसवायची, बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारायच्या, आणि मग पुढून तिरकी लांबी ओढायची. एका ओढीत. सुरी थांबली की उंचवटा. बावीस वेळा पुसून तेविसाव्यांदा मला ती एक सरळ ओढ जमली, आणि जमली तेव्हा गॅलरीत कोणीही नव्हतं. अण्णासुद्धा झोपले होते. बाकी वेळी येणारा जाणारा हेच म्हणणार, "कशाला एवढं, बिल्डिंग जाणारच आहे रिडेव्हलपमेंटला." ही बिल्डिंग मी लग्न होऊन आले त्या वर्षीही जाणारच होती. त्या भरवशावर कोणी नळ बदलत नाही, जिन्याची फळी बदलत नाही, दिवासुद्धा लावत नाही, परवा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तिथेच घसरल्या. सगळे ट्रान्झिट कँपमधे राहतोय जणू, स्वतःच्याच घरात. मी खिडकी नीट केली तर जणू मी टॉवरच्या आड आले, असे बघतात.

असो. तर आज संध्याकाळी ऑफिसातून आले, पर्स टाकली, सुरी घेतली आणि अण्णांचा अंगठा भरायला बसले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज.

"रागावलीस का गं?"

"नाही."

"नाही म्हणजे रागावलीस. बरं ऐक, आता नाही लावणार. पण तो उजव्या पल्ल्यात खालच्या कोपऱ्यात आहे ना, तो माझा नाही हं."

मी वाकून बघितलं. होता. अंगठा नव्हता, बोट होतं. वरून सरळ खाली खुपसलेलं, कणकेच्या गोळ्यात खुपसतात तसं.

"तुझ्या सासूचं," अण्णा हळूच म्हणाले. "दुपारी आल्या होत्या. म्हणाल्या, सैलच राहिलीय."