‘बिबट्या सांभाळा, ५० हजार कमवा’ हा मेसेज खोटा आहे

नाशिकच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘वनविभागात प्राणीरक्षक भरती, शिक्षणाची अट नाही, पगार ५०,०००, नोंदणीचे ५०० रुपये यूपीआयने पाठवा.’ वनविभागाची भरती जाहीर सूचना काढून, ऑनलाइन अर्जांनी होते. वनरक्षकालाही साधारणपणे बारावी लागते. शुल्क कुणाच्या खासगी नंबरवर जात नाही.

प्राण्यांच्या पिंजऱ्याचं खरं काम बरेचदा ठेकेदारामार्फत, किमान वेतनाच्या आसपास मिळतं. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल, तर तुमचे ०.७५ टक्के कापतात, ३.२५ मालक भरतो. पगारपत्रकावर नोंद नसेल तर विचारा.

या कामात लाड कमी, खराटा जास्त. आधी बिबट्या आतल्या खोलीत, सरकतं दार बंद, कुलूप ओढून बघायचं, मगच झाडलोट. सलग पाळ्यांनी माणूस थकला की नेमकी हीच पायरी चुकते. दिवाळीलाही प्राण्याला खायला लागतंच, आणि सांभाळलेलं जनावर दगावलं तरी दुसऱ्या दिवशी हजेरी असते. रेबीजची लस आधीच घ्यायची: ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी. चावलं तर पुन्हा दोन डोस.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.