पोट बिघडवायचं मनावर घ्या, बाकी आपोआप होतं

हल्ली जो तो पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांचं कौतुक करत सुटलाय, प्रोबायोटिक काय नि ताक काय, पण वाईट बॅक्टेरियांकडे कोणी बघायचं? साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, कॅम्पायलोबॅक्टर, यांनाही जागा लागतेच की. पुणेकर पाहुण्यांचं काही करत नाहीत असं बाहेरचे उगाच बोलतात, त्यांना दाखवून द्यायची ही संधी आहे.

सुरुवात भातापासून करा. रात्री कुकर उतरला, दोन वाट्या भात उरला, तर तो झाकण ठेवून ओट्यावरच राहू द्या. फ्रिजमध्ये अजिबात नाही, कारण एकतर फ्रिजमधला भात कडक होतो आणि दुसरं म्हणजे सकाळी फोडणीचा करायचाच आहे, मग कशाला उगाच वर-खाली करा. कसंय, तांदळात बॅसिलस सिरियस म्हणून एक जंतू असतो, त्याचे बीजाणू कुकरच्या शिट्ट्यांनाही पुरून उरतात, भात कोमट झाला की जागे होतात, रात्रभर वाढतात आणि सकाळपर्यंत विष तयार. आणि हे विष असं चिवट की 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, तिथे तुमची मोहरी-हिंगाची फोडणी त्याचं काय वाकडं करणार? तरीपण ‘चांगला खरपूस परतलाय, काही होत नाही’ हे वाक्य टाकायचंच, म्हणजे घरातले निवांत खातात. अर्ध्या तासापासून सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या की सगळं खापर आदल्या दिवशीच्या सारसबागेतल्या भेळेवर.

उरलेली आमटी चांगली आहे का, हे नाकानेच ठरवा. अन्न नासवणारे जंतू वास मारतात, पण आजारी पाडणारे बरेचसे जंतू इतके सभ्य असतात की वास नाही, बुळबुळीतपणा नाही, चवीत फरक नाही. मस्त कोमट जागा मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, मग चार, मग आठ, असं सात तास चाललं तर 20 लाख 97 हजार 152 होतात (विश्वास नसेल तर बसा कॅल्क्युलेटर घेऊन) आणि तरीही तुमचं नाक म्हणतं, ठीके, खा.

रविवारी चिकन आणलं की नळाखाली धो धो धुवा. आत नीट 70 अंशांच्या वर शिजलं की कॅम्पायलोबॅक्टर मरतोच, म्हणून त्याला शिजायच्या आधीच पळायला वाट द्यायला हवी, नळाच्या उडणाऱ्या पाण्याबरोबर तो शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर आरामात जाऊन बसतो. राहिलं काही तर ती सुरी आहेच, चिकनची तीच कांद्याला. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) पेशंट निघाले, हातापायातली ताकद जाऊन काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले, तपासलेल्या काही नमुन्यांत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. तेव्हा महिनाभर घरोघरी पाणी उकळून प्यायले सगळे, मग बातम्या थांबल्या आणि उकळायचं पातेलं माळ्यावर गेलं. ते तिथेच असू द्या, गॅस किती महाग झालाय.

ओट्यावरचं फडकं मात्र जपा. कडेला हळद, मधे चहाचा डाग, एका कोपऱ्याला कालचं शीत वाळून चिकटलेलं, नि पूर्ण कोरडं कधीच नाही. त्याच फडक्याने ओटा, मग ताट, मग हात, मग पोराचं तोंड. एवढ्या कमी कष्टात एवढा प्रसार दुसरं कोणी करून देत नाही.

बाहेर खाताना फार डोकं लावू नका. वडापाव वर्तमानपत्रातच मागा, अन्न छापील कागदात बांधायला नियमाने बंदी आहे पण बातमी पण वाचून होते ना. बर्फाचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2018 पासून न खायचा बर्फ निळा करायचा नियम आहे, तेव्हा रसाच्या ग्लासात निळं काही दिसलं नाही की तो बर्फ शुद्ध, आणि थंडीत जंतू मरत नाहीत नुसते थांबतात, हे रसवंतीवाल्याला सांगायला जाऊ नका, उन्हात उभा असतो बिचारा.

आता जुलाब लागले की डॉक्टरकडे न जाता मेडिकलवाल्याला ‘बंद होणारी गोळी’ मागा. ताप आहे, शौचात रक्त आहे, अशा वेळी ती गोळी घेऊन जंतूंना आतच कोंडायचं, बाहेर कुठे जातील ते या पावसात. अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मनानेच घ्या नि उरलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवा, नातेवाइकांना उपयोगी पडतात. ओआरएस घेऊच नका, फारच स्वस्त आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर कॉलराचे ढीगभर पेशंट वाचवले होते, पण आपल्याला सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही.

आणि जरा उठून बसता आलं की लगेच मंडळाच्या महाप्रसादाला मदतीला जा. साल्मोनेला बरं वाटल्यावरही काही आठवडे शौचातून पडत राहू शकतो, तुमचे साबण न लावलेले हात त्याला पुढे पोचवतील. न्यूयॉर्कची मेरी मॅलन आठवा, स्वयंपाकीण, स्वतः ठणठणीत पण अंगात टायफॉइडचे जंतू, 1907 मध्ये पकडली गेली, सोडल्यावर नाव बदलून पुन्हा एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाकाला लागली. तपास करणाऱ्याचा संशय तिच्या पीचच्या आईस्क्रीमवर होता, कारण त्यात काही शिजवायचंच नसतं. म्हणून तुम्हीही मसालेभाताच्या नादी लागू नका, सरळ कोशिंबीर कालवायला बसा, हाताने. मेरीला त्या लोकांनी दोनदा मिळून 26 वर्षं बेटावर कोंडून ठेवलं. आपल्याकडे तसं काही नाही, फार तर कोशिंबीर काय झाली होती म्हणतील नि पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हालाच सांगतील.