थोडी करून या

सोनोग्राफी सेंटरवाली मुलगी फोनवर "काका, तासभर आधी लिटरभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका" असं इतक्या सहज म्हणते ना, तिला एकदा पाणी पाजून कर्वे रोडवरून रिक्षात बसवलं पाहिजे. काय ते खड्डे आणि काय ते स्पीडब्रेकर!

सेंटरमधे सगळे एकाच पोझमधे, गुडघ्याला गुडघा चिकटवून, हसायचं तर अजिबात नाही. एक बाई कूलरवर बाटली भरायला लागल्या तर शेजारचे आजोबा कळवळून ओरडले, "अहो नळ बंद करा तो!"

टाइमपास म्हणून भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो. दोन किडन्या, प्रत्येकी जेमतेम दीडशे ग्रॅमच्या, दिवसाला साधारण 180 लिटर गाळतात आणि त्यातलं 99 टक्के परत रक्तात पाठवतात. मग आज अजून अर्धा लिटर पाठवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, आपण जास्त पाणी प्यायलो की मेंदू किडन्यांना पाणी धरून ठेवायला लावणारं एडीएच नावाचं हार्मोन कमी करतो आणि ह्या किडनीबाया लगेच सगळं खाली सोडून मोकळ्या. खाली येणाऱ्या युरेटर नळ्यापण आकुंचन पावत पावत ढकलतात, म्हणजे आडवं पडूनही सुटका नाही. ब्लॅडरमधे 150-200 मिली जमलं की पहिली बेल, 400 च्या पुढे बोंबाबोंब. तोंडाशी दोन स्नायू, आतला आपलं ऐकत नाही, बाहेरचा ऐकतो, बास, माणसाची सगळी इभ्रत त्या एकट्यावर.

नंबर लागला एकदाचा. गारढोण जेल, त्यावर तो प्रोब नेमका तिथेच दाबलेला. भरलेल्या ब्लॅडरमुळे आतडी बाजूला सरकतात आणि मागचं नीट दिसतं, हे मान्य, पण डॉक्टर म्हणतात, "जरा जास्तच भरलंय, थोडी करून या."

थोडी?? अहो एवढ्या तपश्चर्येनंतर अर्ध्यात थांबायचं म्हणजे सिंहगडाच्या उतारावर बिनब्रेकची सायकल थांबवण्यासारखं झालं की!

थांबवलं पण. कसं ते विचारू नका. फोटो काढून झाल्यावर "आता पूर्ण रिकामं करून या, मागे किती उरतं ते बघू" असं म्हणाले तेव्हा डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं, पळत गेलो तर दार आतून बंद. आत तेच आजोबा.

"आजोबा, थोडीच सांगितलीये ना हो तुम्हाला?"

उत्तर नाही. नुसता आवाज, आणि तो काही थांबायचं नाव घेईना.