हद्द ओलांडली म्हणून देणं बुडत नसे

गेले काही महिने पुण्यातल्या ओळखीच्या माणसांकडून एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. त्याचा गोषवारा असा. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या सावकाराने कोर्टातून हुकूमनामा (म्हणजे पैसे देण्याचा आदेश) मिळवला, तरी कर्जदार भोर संस्थानात किंवा गोव्यात निघून गेला की तो कागद रद्दी. कारण एका राज्याचं कोर्ट दुसऱ्या राज्याच्या कोर्टाला ओळखतच नसे. पलीकडे काही वर्षं काढली की मुदत संपायची आणि माणूस मोकळा. तोच कायदा आजही चालू आहे, त्यामुळे आखातातल्या बँकेचं कर्ज भारतात वसूल होऊ शकत नाही.

मी शिवाजीनगरच्या कोर्टात दिवाणी दावे चालवते. नुसता इतिहास चुकला असता तर कदाचित लिहायला बसले नसते. पण शेवटच्या वाक्यावर भरवसा ठेवून लोक घरात समन्स दाबून ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पलीकडे गेलं की हुकूमनामा रद्दी, हा पहिला मुद्दा. यात अर्धी गोष्ट खरी आहे. आज पुणे जिल्ह्यात असलेला भोर 8 मार्च 1948 पर्यंत पंतसचिवांचं संस्थान होता. पुढे फलटण, औंध, सांगली, मिरज, कोल्हापूर, पूर्वेकडे निजामाचा मुलूख आणि खाली पोर्तुगीजांचा गोवा. पुण्याच्या कोर्टाचा बेलिफ भोरच्या हद्दीत जाऊन बैलजोडी जप्त करू शकत नव्हता, हे बरोबर. पण बेलिफ हद्दीवर थांबला म्हणून हुकूमनामा मेला असं होत नाही. कर्जदाराचं घर, जमीन, दुकान, कुणाकडून येणं असलेली रक्कम, जे काही अलीकडे राहिलं असेल त्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, चालायचीच. शिवाय माणूस पळायच्या तयारीत आहे असं दिसलं तर निकालाची वाट पाहावी लागत नसे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 38 नेमका यासाठी आहे: दाव्याला चुकवण्यासाठी प्रतिवादी कोर्टाच्या हद्दीबाहेर निघालाय असं पटलं, तर त्याला धरून आणून जामीन मागता येतो आणि निकालाआधीच मालमत्तेवर जप्ती आणता येते.

या भागातल्या शेतकऱ्याला खरं संरक्षण मिळालं ते हद्दीच्या अलीकडेच, आणि याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जखतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्याने बंद केलं. जमीन त्या कर्जापोटी स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नसेल, तर पैशाच्या हुकूमनाम्यात ती जप्त होऊन विकली जाऊ नये, हेही त्यातच आलं. ही सवलत माणसांनी गाव न सोडता, लढून मिळवली. तिचं श्रेय पळून जाण्याला देणं मला फार लागतं.

दुसरा मुद्दा, एक कोर्ट दुसऱ्याला ओळखत नसे. हे साफ चूक. संहितेचं कलम 13 उलट सांगतं: परक्या कोर्टाचा निकाल पक्षकारांवर बंधनकारक, फक्त सहा अपवाद सोडून. कोर्टाला अधिकारच नसणं, निकाल गुणदोषांवर नसणं, आंतरराष्ट्रीय कायद्याची उघड चुकीची समज, नैसर्गिक न्यायाचा भंग (जसं की बाजू मांडायची संधीच न देणं), फसवणूक, आणि इथला कायदा मोडण्यावर उभा असलेला दावा. संस्थानी कोर्टाचा निकाल हातात असलेला माणूस त्या निकालावरच ब्रिटिश कोर्टात नवा दावा लावू शकत होता, आणि त्यासाठी मुदत सहा वर्षांची होती. एवढंच नाही, कलम 44 प्रमाणे सरकारने अधिसूचना काढली, तर त्या संस्थानाच्या हुकूमनाम्यावर नवा दावाही लागत नसे, थेट दरखास्त.

या मजकुराला थोडाफार आधार आहे तो पंजाबातल्या फरीदकोट संस्थानाच्या प्रकरणात. गुरदयालसिंग हे फरीदकोटच्या राजाकडे पाच वर्षं खजिनदार होते. 1874 मध्ये नोकरी सोडून ते जिंद या आपल्या संस्थानात परतले. काही वर्षांनी राजाने आपल्याच कोर्टात दावे लावले, गुरदयालसिंग गेले नाहीत, आणि एकतर्फी हुकूमनामे झाले. ते घेऊन राजा लाहोरच्या ब्रिटिश कोर्टात आला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि 1894 मध्ये निकाल लागला: जो माणूस दाव्याच्या वेळी तुमच्या हद्दीत राहत नाही, तुमचा प्रजाजन नाही आणि तुमच्या कोर्टासमोर आलाही नाही, त्याच्याविरुद्धचा असला हुकूमनामा बाहेरच्या कोर्टांच्या दृष्टीने शून्य.

पण हा निकाल नीट वाचा. दाव्याच्या दिवशी पुण्यात राहणारा, समन्स घेतलेला, वकीलपत्र दिलेला आणि हरल्यावर भोरला गेलेला माणूस त्यात कुठेच बसत नाही. त्याच्यावर पुण्याच्या कोर्टाचा अधिकार पक्का होता. शिवाय प्रिव्ही कौन्सिलने राजाचं येणं बुडवलेलं नाही, तर ऋणको जिथे राहतो तिथल्या कोर्टात जा असं सांगितलं. तो रस्ता सावकारालाही खुला होता.

गोव्याचं थोडं वेगळं. पोर्तुगीज कायद्यात परका निकाल आधी तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागे. कटकटीचं होतं, खर्चाचं होतं, पण दार बंद नव्हतं. आणि पुढे काय झालं तेही पाहा. गोवा डिसेंबर 1961 मध्ये मुक्त झाला आणि आपली संहिता तिथे 15 जून 1966 ला लागू झाली. त्याआधी मुंबईच्या कोर्टाने दिलेल्या एका हुकूमनाम्याची दरखास्त गोव्यात लावलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ती चालू शकते असं ठरवलं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. ग्वाल्हेरच्या कोर्टाचा 1948 चा एकतर्फी हुकूमनामा सरदार शितोळ्यांना (हे नाव पुण्याला नवं नाही) अलाहाबादेत बजावता आला नाही. तिथले प्रतिवादी ग्वाल्हेरला हजरच झाले नव्हते, म्हणजे पुन्हा फरीदकोटचाच न्याय.

तिसरा मुद्दा मुदतीचा, आणि तो मजकुराने बरोबर उलटा मांडलाय. 1908 च्या मुदतीच्या कायद्यातलं कलम 13 म्हणतं की प्रतिवादी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर असेल तेवढा काळ दाव्याच्या मुदतीत धरायचाच नाही. दावा लागायच्या आधीच कुणी भोरला जाऊन पाच वर्षं राहिला असेल, तर ती पाच वर्षं सावकाराच्या खात्यात जमा. हीच तरतूद आजच्या 1963 च्या कायद्यात कलम 15 मध्ये आहे.

आता आजचं. संहितेत 1937 साली कलम 44-अ आलं. ज्या देशाला सरकार परस्परतेचा देश म्हणून जाहीर करतं, तिथल्या वरिष्ठ कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत इथल्या जिल्हा न्यायालयात दाखल केली की तो इथलाच असल्यासारखी वसुली सुरू होते. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग या यादीत आहेत. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीही आली, दुबईच्या कोर्टांसकट. अमेरिका यादीत नाही, पण तिथल्या निकालावर तीन वर्षांच्या आत इथे दावा लावता येतो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आईला घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या हातात दोन कागद होते. एक आमच्या जिल्हा न्यायालयाची आदेश 21 नियम 22 खालची नोटीस, हुकूमनामा का बजावू नये याचं कारण दाखवा म्हणून. दुसरा दोन वर्षांपूर्वी बेलिफाने घरी आणून दिलेलं दुबईच्या कोर्टाचं समन्स. त्याने सही करून घेतलेलं पाकीट तसंच चिकटवलेलं होतं, माझ्या टेबलावर पहिल्यांदा फुटलं. न उघडण्याचं कारण त्याने मोबाइलवर दाखवलं: हाच मजकूर, काकांनी पाठवलेला. हप्त्यांपैकी बरेच त्याने फेडले होते आणि पावत्याही होत्या. तिकडे वकील दिला असता तर रक्कम नक्की कमी झाली असती.

समन्स रीतसर मिळालेलं आहे आणि कर्ज घेताना तो तिथेच राहत होता. त्यामुळे नैसर्गिक न्यायाचा आक्षेप टिकणं अवघड. मी आता एकच धागा धरून आहे: तिकडच्या कोर्टाने पुरावा पाहून निकाल दिला की नुसत्या गैरहजेरीवर? पुरावा न पाहता दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवरचा मानला जात नाही. त्यासाठी तिथल्या निकालपत्राचं अधिकृत भाषांतर मागवलंय. तोवर त्याच्या आईने सगळ्या पावत्या तारखेवार लावून एका वहीत चिकटवून आणून दिल्या आहेत.