दोष लिबरऑफिसचा नव्हे, फॉन्टचा

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये जुनी मराठी फाइल उघडली की अक्षरांची खिचडी होते, म्हणून विकतचंच ऑफिस बरं, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या इंदूरच्या मंडळाची २००४ ची सभासद यादी मीही उघडली होती. 'कुलकर्णी'च्या जागी नुसते कंस आणि इंग्रजी अक्षरं! पण भाच्याच्या लॅपटॉपवर, विकतच्या ऑफिसातही तोच अवतार. यादी युनिकोड (प्रत्येक अक्षर सगळ्या संगणकांवर सारखंच ओळखलं जावं यासाठीची पद्धत) नसलेल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टात टाइप केलेली. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार?

शेवटी यादी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली, तरी रफार आणि पहिल्या वेलांट्या हाताने जागेवर बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. (फॉन्टची सीडी कोणाकडे राहिली, यावर मंडळात अजून वाद चालू आहे.)