पावट्याला थंडी कळते की रात्र? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, (वयाचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून काका म्हणते, राग नसावा.)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा लागली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की गावठी वेलपावटा जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलं दिवाळीच्या आगेमागेच येतात, कारण वेल रात्रीची लांबी मोजतो. काकांचं म्हणणं असं: एक, फूल थंडीने येतं, हे आमच्या आईलाही ठाऊक होतं. दोन, कोकणात दिवस लहानमोठा होऊन होणार किती, दोनेक तास. झाडाला काय घड्याळ लावलंय? तीन, सगळं एका जनुकावर ढकलून बाई मोकळ्या झाल्या. चार, बारमाही वाणांनी पावट्याची चव घालवली आणि इथे त्यांचंच कौतुक चाललंय.

आधी घड्याळाचं घेते, कारण तो प्रश्न तुम्ही चिडून विचारला असला तरी फार चांगला आहे. अलिबागला जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. आपल्याला तो जाणवतसुद्धा नाही. पण झाडाला घड्याळ खरंच लावलंय. पानाच्या पेशींमध्ये साधारण चोवीस तासांचं एक चक्र चालू असतं, आणि फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य बाहेर उजेड आहे की अंधार ते कळवत राहतं. या दोघांचा मेळ बसला की पानाला कळतं, रात्र पुरेशी लांबली. पुरेशी म्हणजे किती, हे प्रत्येक जातीचं वेगळं.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट शेंगवर्गातल्याच पिकाची आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या सरकारी शेतावर (आज त्या भागात पेंटॅगॉन उभं आहे) गार्नर आणि अलार्ड हे दोघं काम करत होते. त्यांच्याकडे बिलॉक्सी नावाचं सोयाबीन होतं. ते त्यांनी वसंतापासून उन्हाळाभर थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं. आधी पेरलेलं पुरुषभर उंच, शेवटचं गुडघ्याएवढं, आणि फुललं सगळं सप्टेंबरात! तिथला सप्टेंबर म्हणजे काही कडाक्याची थंडी नव्हे. त्यांनीही आधी तुमच्यासारखाच तापमानावर संशय घेतला, मग खतावर, मग उन्हाच्या तीव्रतेवर. शेवटी जुलै 1918 मध्ये त्यांनी एक अंधारी खोपी केली. दुपारी चारला झाडं आत, सकाळी नऊला बाहेर. ऐन उन्हाळ्यात, उकाडा तसाच असताना, एरवी उन्हाळ्यात न फुलणारी तंबाखूची झाडं फुलली. 1920 मध्ये हे छापून आलं. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर (उकिरड्याकडेला उगवणारं ते झाड, काटेरी फळं धोतराला चिकटतात ते) दाखवलं की लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी फूल येत नाही. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं.

आता घरचं. आमच्या कुंपणावर सासरहून आणलेल्या बियाण्याचा वेल आहे. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर पांढऱ्या दिव्याचा नवा खांब आला. त्या वर्षी ऑक्टोबर संपताना पाण्याच्या टाकीआडच्या फांद्यांवर तुरे आले आणि खांबाखालचा अर्धा वेल नुसता हिरवागार, माजलेला, एक कळी नाही. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी संध्याकाळी त्या बाजूच्या दोन फांद्यांवर गोणपाट टाकायला आणि सकाळी काढायला लागले. महिन्याच्या आत त्या दोन फांद्यांच्या बेचक्यांतून जांभळट कळ्या डोकावल्या. शेजारच्या उघड्या फांद्या तशाच. एकाच वेलावरचा उद्योग आहे, याला कोणी प्रयोग म्हणणार नाही. पण गोणपाटाखाली थंडी जास्त नव्हती एवढं नक्की, असलीच तर ऊब होती.

थंडीचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. उकाडा फार असला तर फुलं गळतात, शेंग भरत नाही. आईंनी पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त फूल धरायचं की नाही हा निर्णय थंडी यायच्या आधी, घामाच्या धारा लागलेल्या ऑक्टोबरातच झालेला असतो.

तिसरा मुद्दा. इथे मी हात जोडते. ‘एका जनुकाची गोष्ट’ हे उपशीर्षक मीच दिलं होतं, आणि ते आकर्षक वाटलं म्हणून दिलं होतं, खरं म्हणून नाही. मेंडेलनेसुद्धा 1866 च्या निबंधात वाटाण्याच्या फुलण्याच्या वेळेचा उल्लेख केलाय: संकराची वेळ दोन पालकांच्या जवळजवळ मध्ये पडते. उंच-बुटका यासारखे स्वच्छ दोन गट तिथे नव्हते.

फुलण्याची वेळ ठरवणाऱ्या जनुकांची साखळी सोयाबीनमध्ये सगळ्यात नीट उलगडली आहे. त्यातल्या एका जनुकाला ई-१ हे नाव 1971 मध्ये दिलं गेलं; ते जनुक नेमकं कुठलं हे हाती लागायला 2012 उजाडलं. त्याचं काम ब्रेकचं. दिवस मोठा असताना ते पानात चालू राहतं आणि एफटी नावाची प्रथिनं बनू देत नाही. ही प्रथिनं पानातून शेंड्याकडे जातात आणि तिथे पालवीऐवजी कळी धरवतात. ई-३ आणि ई-४ म्हणजे फायटोक्रोमची जनुकं, ‘अजून उजेड आहे’ सांगून ब्रेकवरचा पाय दाबून ठेवणारी. ई-२ घड्याळाच्या यंत्रणेतलं. रात्र लांबली की ई-१ गप्प बसतं, ब्रेक सुटतो.

आता गंमत बघा. उत्तरेकडे, जिथे उन्हाळी दिवस सोळा तासांचा, तिथे सोयाबीनला हा ब्रेक जाचक होतो. फूल येईपर्यंत हिमतुषार पडायचे. म्हणून तिथल्या वाणांत ई-१, ई-३, ई-४ यांतली काही बिघडलेली सापडतात. उलट ब्राझीलच्या उष्ण पट्ट्यात दिवस लहानच असतो, तिथे साधं सोयाबीन वीतभर उंचीवरच फुलून जायचं आणि उत्पन्न काहीच नाही. तिथे कामी आलं ‘जे’ नावाचं जनुक, तेही बिघडलेलं. ‘जे’ शाबूत असलं तर ते ई-१ला दाबतं. ते बिघडलं की ब्रेक मोकळेपणी काम करतो, फूल लांबतं आणि झाडाला वाढायला वेळ मिळतो. एके ठिकाणी ब्रेक मोडून पीक रुजलं, दुसऱ्या ठिकाणी ब्रेक सोडवणारा हात मोडून.

घेवड्याचंही असंच. तो मेक्सिकोकडे आणि अँडीजमध्ये असा दोनदा, वेगवेगळा माणसाळवला गेला. दोन्हीकडे दिवसाची तमा न बाळगणारे वाण निपजले, आणि दोन्हीकडे बिघाड झाला तो एकाच फायटोक्रोम जनुकात, सोयाबीनच्या ई-३च्या घेवड्यातल्या भावंडात. वेलघेवड्याचा बुटका घेवडा झाला तो मात्र वेगळं जनुक बिघडल्यामुळे, शेंड्याला ‘थांब, अजून वाढ’ सांगणारं. पावट्यातली साखळी इतकी कडीकडीने उलगडलेली मला माहीत नाही, म्हणून तिच्याबद्दल ‘एकच जनुक’ म्हणणं माझी घाई होती. उपशीर्षक बदललंय.

चौथा मुद्दा चवीचा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे हेब्बाळ अवरे हे पावट्याचे वाण बुटके आणि कोणत्याही ऋतूत फुलणारे. त्यांचं मी कौतुक केलं आणि अजूनही करते. पावसाळ्यात वांग्या-भेंडीखेरीज काही न मिळणाऱ्या बाजारात हिरव्या शेंगा दिसणं ही छोटी गोष्ट नाही. पण तिकडचे लोकही तुमच्यासारखेच कुरकुरतात. कन्नडमध्ये पावट्याच्या वासाला ‘सोगडु’ असा खास शब्द आहे, आणि जानेवारीत शेंग हाताला चिकट लागली की गिऱ्हाईक खूश. तो वास शेंगेच्या सालीवरच्या तेलकट स्रावाचा असतो. फुलायची वेळ पानात ठरते, वास सालीवर तयार होतो. निवड करताना पहिल्याकडे लक्ष दिलं आणि दुसरं हातून निसटलं, असं होऊ शकतं. तेव्हा भांडायचं तर निवडीशी भांडू. पोपटीच्या मडक्यात (थंडीत शेंगा भाजतात ते) भांबुर्ड्याच्या पाल्याखाली हेब्बाळ अवरे घाला असं मीही सांगणार नाही!

आता थंडीकडे परत. तुम्ही वाल (पावट्याचंच भावंड) भातकापणीनंतर अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, टाकता. म्हणजे बी रुजतं तेव्हाच रात्र लांब झालेली असते, आणि फूल येतं तेव्हा थंडीही हजर असते. दोघी एकदमच येतात, मग दोष कुणाच्या नावावर टाकायचा हे शेतात बघून कळणार कसं? एक काम कराल का? यंदा जूनमध्ये, पाणी साचत नाही अशा बांधावर वेलपावट्याच्या मूठभर बिया टाका. जवळपास दिवा नको. पहिली कळी दिसेल ती तारीख, आणि त्या पहाटे अंगावर गोधडी होती की पंखा चालू होता, एवढं मला कळवा.